खंडेनवमीची तार

“त्या डबीला हात लावायचा न्हाई,” शालन म्हणाली, आणि कृष्णातचा हात पाटाच्या अलीकडंच थांबला.

डबी फ्यूजची. पत्र्याची, जुनी, झाकणावरचं चित्र कधीच उडालेलं. एरवी ती टेबलाखाली कुठंतरी लोळत असायची, पण आज तिचाही मान मोठा होता. पक्कड, पाने, सोल्डरगन, मीटर, टेस्टलॅम्प, सगळे ओळीनं तांदूळ पसरलेल्या पाटावर बसलेले आणि मधोमध ही डबी, कपाळाला कुंकू लावून, डोक्यावर झेंडू घेऊन. कारण आज खंडेनवमी. तासगावात काय, आख्ख्या मुलखात काय, ज्याचं पोट ज्या हत्यारावर, ते हत्यार आज पूजेला बसतं, आणि उद्या दसऱ्याची सकाळची पूजा झाल्याशिवाय त्याला कुणी उठवत नाही. न्हाव्याचा वस्तरा उठत नाही, शिंप्याचं मशीन उठत नाही. कृष्णात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारा माणूस, त्याचा टेस्टलॅम्प कसा उठेल? इतकी वर्षं दुकान चाललं, एकदाही उठला नव्हता.

आणि नेमकी आजच ही निळी गाडी दारात.

गाडी साताऱ्याहून आलेली, जतला निघालेली. चालवणारा साईराज, साताऱ्यात कंपनीत कामाला. गाडी नुकतीच घेतलेली, तीपण जुनी, आणि पठ्ठ्या चालवायलाही नुकताच शिकलेला. शेजारी त्याची बायको स्वप्नाली, तिच्या मांडीवर तान्ही पोरगी झोपलेली. मागच्या सीटवर साईराजची आई दगडाबाई, तिला गाडी लागते म्हणून काचेला डोकं टेकवून डोळे मिटून बसलेली. आणि डिकीत गॅसची टाकी, म्हणजे गॅसवर पळणारी गाडी. हे टाकीचं ध्यानात ठेवा, बाकीचं विसरला तरी चालेल.

“मामा, मागचं वायपर तेवढं बघा की,” साईराज म्हणाला. “फ्यूज दोनदा बदलला, दोनदा गेला.”

“आज हत्यार बंद हाय बाबा. परवा ये.”

“परवा कुठलं मामा. आन तिकडं आभाळ बघा कसं आलंय. मागचं दिसलं न्हाई की मला काय सुचत न्हाई. मागं ट्रक हाय का म्हैस हाय, कळतच न्हाई.”

“ट्रक हॉर्न मारतोय,” स्वप्नाली आतून म्हणाली. “वाजलं न्हाई म्हंजे म्हैस समजायचं.”

कृष्णात हसला, आणि तिथंच फसला. कारण हा माणूस असा की, बिघडलेली वस्तू समोर आली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. लग्नात जेवायला बसला तर मांडवातला लुकलुकणारा बल्ब बघत बसणार, आणि भाताआधी उठून तो नीट करून येणार. त्यानं शालनकडं बघितलं.

“बघा,” शालन म्हणाली. “हातानं काय बघायचं ते बघा. हात काय पाटावर बसवलं न्हाईत.”

मग त्यानं डिकी उघडली. वायपरचा दांडा हातानं फिरवला, सुटा फिरला, म्हणजे अडकलेला नाही. मोटरला नाक लावलं, जळका वास नाही, म्हणजे मोटर चांगली. स्टेअरिंगखालचा फ्यूज काढून उजेडात धरला, आतली बारीक पट्टी वितळून गेलेली. म्हणजे कुठंतरी वायर अंगाला लागतेय, गाडीच्या पत्र्याला. पण कुठं? एरवी टेस्टलॅम्पचं टोक दोन ठिकाणी टेकवलं असतं, लॅम्पनंच सांगितलं असतं, इथपर्यंत करंट येतोय, इथून पुढं गडबड. आज लॅम्प कुंकू लावून बसलेला. आंधळ्यानं वाट शोधावी तसं चाललेलं सगळं.

“एक फ्यूज घालून बघितला असता,” कृष्णात म्हणाला आणि परत डबीकडं बघितलं. शालननं समईची वात पुढं सारली. शेजारची दुकानंही सगळी बंद.

दाराजवळ सकाळच्या झाडलोटीचा कचरा होता. त्यात वायरीचा एक तुकडा. कचऱ्यातला, म्हणजे पूजेतला नव्हे. कृष्णातनं तो उचलला, दातानं सोलला, तांब्याची एक तार काढली, दुमडली, आणि फ्यूजच्या जागी खुपसली.

आता हे त्यानं करायचं नव्हतं. फ्यूजचं काम एकच. कुठं बिघडलं की आधी आपण जळायचं आणि गाडी वाचवायची. तिथं तार घातली की तार जळत नाही. मग जळायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. आणि हे कृष्णातला कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण ते शिकवणारे दोन हात रोज त्याच्या दुकानात खुर्चीवर बसलेले असायचे. ते हात तानाजीचे. तानाजी आणि कृष्णात दोघांनी मिळून हे दुकान टाकलं, दारावरच्या पाटीवर नावही दोघांचं. पुढं एका जीपमध्ये तानाजीनं घाईघाईत अशीच तार घातली, आणि ती जीप पेटली तेव्हा तो तिच्याखाली होता. हात राहिले, पण बोटं एकमेकांना चिकटली, वरची कातडी मेणासारखी गुळगुळीत झाली. पक्कड धरता येईना. तेव्हापासून दुकानात नियम एकच, फ्यूजच्या जागी फ्यूज. भिंतीवर कधी लिहायला लागला नाही.

पण त्या वेळी तानाजी प्रसाद वाटायला गल्लीत गेला होता.

“बटण दाब,” कृष्णात म्हणाला.

साईराजनं बटण दाबलं. वायपर कोरड्या काचेवर किरकिरत गेला, आला, गेला, आला.

“झालं की मामा.”

“झालं न्हाई. भागवलंय. दसरा झाला की कुठंतरी नीट करून घे. आन लागलं तरच चालव.”

असं म्हणाला तो. तारेचं मात्र बोलला नाही. बोलणार होता, पण तेवढ्यात तानाजी आला, दोन्ही मनगटांवर परात तोलत, आणि गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकला. “घ्या मावशी, कडाकणी. गोड हाय, मळमळ थांबंल.”

दगडाबाईनं डोळे उघडले. परातीआधी तिला हात दिसले. जतकडची बाई, मनात ठेवून बोलायची सवय नाही.

“आन हाताला काय केलंस रं, यप्पा?”

“जिलबी तळत हुतो मावशी. झारा पडला कढईत, म्हटलं हातानंच काढावा.”

दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं, हातांकडं बघितलं, एक कडाकणी उचलली आणि तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला. कृष्णातनं डिकी धाडकन लावली. साईराज खिशात हात घालायला लागला तर शालन म्हणाली, “ऱ्हाऊ दे, आज गल्लापण पूजेत हाय.” आणि गाडी गेली. ना नाव लिहून घेतलं, ना फोन नंबर.

मग दुकानातच मागच्या खोलीत जेवायला बसले तिघं. तानाजी जेवायचा तो चमचा दोन तळव्यांत दाबून, आणि त्याची त्याला इतकी सवय की बघणारालाच घास उतरत नसे. पुरणपोळी, कटाची आमटी. कृष्णातला चव लागेना.

“फ्यूज कुठला घातलास रं?” तानाजी म्हणाला.

“हुता एक.”

“कुठं हुता? डबी तर पाटावर.”

“खिशात हुता.”

तानाजीनं आमटी भुरकली. “गेला कशानं हुता पयला? लागत कुठं हुतं?”

“सापडलं न्हाई. पर फिरला की वायपर, मस चारदा फिरला. कायच झालं न्हाई.”

“डिकी उघडी ठिवून फिरवलास?”

“मग? मोटर बघत हुतो न्हवं.”

“आरं, मग त्यो काय डिकी उघडी ठिवून जातोय व्हय जतला,” तानाजी म्हणाला आणि हसला.

आणि हसता हसता थांबला. कारण कृष्णातचा घास हातात तसाच होता.

डिकीच्या कोपऱ्यात, जिथं ती छताला जोडलेली असते, तिथं एक रबराची नळी असते. सगळ्या वायरी तिच्यातून जातात. डिकी उघडली की नळी सरळ, लावली की दुमडते. रोज दुमडून दुमडून आतली एखादी वायर सोलते. डिकी उघडी असताना ती कुठंच लागत नाही. लावली की पत्र्यावर दाबून बसते. इतका साधा दोष. शेकडो गाड्यांत बघितलेला. टेस्टलॅम्प हातात असता तर चहा निवायच्या आत सापडला असता.

“तान्या,” कृष्णात म्हणाला, “फ्यूज न्हाई त्यो. तार हाय.”

तानाजीनं चमचा ताटात ठेवला. खिडकीतून पूर्वेकडं बघितलं. कवठे महांकाळच्या बाजूला आभाळ काळंनिळं होऊन खाली उतरलं होतं.

“लागलं तरच चालव म्हणलोय त्याला,” कृष्णात म्हणाला.

“आन त्यो?”

त्यो काय. मागचं दिसलं नाही की ज्याला सुचत नाही असा नवशिका. पहिला थेंब पडला की बटण दाबणार. डिकी बंद. वायर पत्र्याला. तार काही जळायची नाही. मग छताच्या आतली वायर तापणार, लाल होणार, छताचं कापड धरणार, आणि खाली गॅसची टाकी.

कृष्णात उठला तो हात न धुताच. मोटरसायकलची किल्ली घेतली, आणि पाटासमोर येऊन उभा राहिला. गाडी गाठली तरी रिकाम्या हातानं करणार काय? फ्यूज लागणार, पक्कड लागणार, लॅम्प लागणार. हात पुढं गेला आणि मागं आला. तसा काही फार देवभोळा नव्हता तो. पण इतक्या वर्षांचं एकदा अंगात बसलं की हात उचलत नाही, एवढंच.

शालन पुढं झाली. डबीवरचा झेंडू काढला, डबी पदरात घेतली. पक्कड घेतली. टेस्टलॅम्पवरचं फूल काढलं.

“आगं, तू—”

“मी उचललंय. काय दोष लागायचा तो मला लागू दे. तुमी निघा.”

लॅम्प कृष्णातच्या हातात आला. तो लॅम्प तानाजीनं केलेला, हात धड होते तेव्हा. मीटरमधला बारीक बल्ब, सायकलच्या तारेचं टोक, वर औषधाच्या बाटलीचं झाकण. बाजारात त्याहून चांगले मिळतात, पण दुकानात तोच चालायचा. तानाजीनं अंगात रेनकोट चढवून घेतला, मागं बसला, डबी दोन मनगटांत धरली. “चल.”

“तू कशाला?”

“डबी कोण धरंल, तुजा बा? चल म्हणतो न्हवं.”

निघायच्या आधी कृष्णातनं एक फोन लावला होता. कवठे महांकाळला नानासो पंक्चरवाला, जुना दोस्त, दुकान अगदी रस्त्याला. “नानासो, निळी गाडी येणार, बारकी, सातारा पासिंग. आडवा हो, थांबव. मागचं वायपर चालवू देऊ नगंस.”

“वायपर?” नानासो म्हणाला. “चोरीची हाय काय गाडी?”

“थांबव रं तू.”

मणेराजुरीच्या अलीकडं पाऊस आला. परतीचा पाऊस, आडवातिडवा, थेंब गारांसारखे लागणारे. दोन्ही बाजूला नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा, आणि बांधाबांधावर माणसं आभाळाकडं बघत उभी. या पावसाचं त्या मुलखात कुणीच स्वागत करत नाही. पण आज त्याची सगळ्यात जास्त भीती त्या मोटरसायकलवरच्या दोघांना होती. प्रत्येक थेंबाबरोबर कृष्णातला तो किरकिर आवाज ऐकू यायचा, गेला, आला, गेला, आला. पाणी डोळ्यांत जात होतं आणि हा मान खाली घालून गाडी हाणत होता.

खिशात फोन वाजला. झाडाखाली थांबून घ्यावा लागला.

“थांबवली बघ गाडी,” नानासो म्हणाला. “पर ह्ये सायेब लय तापल्यात. सातारा न्हाई, सांगली पासिंग हाय. आन वायपर तर मागं न्हाईच.”

“नानासो, आरं बारकी म्हणलं हुतं न्हवं.”

“निळी हाय म्हणून धरली. आन ह्यांच्याशी बोलत हुतो तवा अजून एक निळी गेली बघ. बारकी. जतच्या रस्त्याला.”

“वायपर चालू हुतं का मागचं?”

“हुतं गड्या.”

कवठे महांकाळ मागं पडलं. नानासो दुकानासमोर छत्री धरून कुणाची तरी माफी मागत उभा होता, त्यालाही थांबून बघितलं नाही. गाव संपलं तसा रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडं ज्वारीची रानं, लांबवर एकही माणूस नाही. आणि मग चढावर, पावसाच्या पडद्याआड, एक निळा ठिपका. नवशिका म्हणून सावकाश चाललेला. त्या सावकाशीवरच सगळं तगलेलं होतं.

जवळ गेले तसा मागचा वायपर दिसला. जात होता, येत होता. अजून चालतोय म्हणजे अजून वायर पुरती गेलेली नाही. कृष्णातनं श्वास सोडला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत वायपर काचेच्या मधोमध आला आणि उभाच राहिला. मग काचेच्या वरच्या कोपऱ्यात, आतून, एक बारीक धूर. उदबत्तीचा असावा एवढाच.

कृष्णातनं हॉर्न दाबून धरला. बाजूनं पुढं काढली, हात हलवला, थांब, थांब.

आता साईराजचं काय चुकलं सांगा. ओसाड रस्ता, पाऊस, दोन भिजलेले बाप्ये मोटरसायकल अंगावर घालतायत आणि हातवारे करतायत. गाडीत बायको, तान्ही पोर, म्हातारी. त्यानं काच वर केली, नजर समोर ठेवली, आणि जन्मात पहिल्यांदा ॲक्सिलेटर पुरता दाबला.

“पळतोय,” कृष्णात ओरडला. “तान्या, पळतोय त्यो.”

“बाजूला घाल. मागच्या काचंला घाल, म्हातारी बसलीया तिकडं.”

“निसरडं हाय.”

“घाल म्हणतो.”

डबी तानाजीनं रेनकोटात छातीशी टाकली. आणि मग त्यानं जे केलं ते त्यानं चारचौघांत कधीच केलं नव्हतं. हा माणूस रस्त्यानं चालला तर हात खिशात, एसटीत बसला तर हात पिशवीखाली, फोटोत उभा राहिला तर कुणाच्या तरी पाठीमागं. त्यानं गुडघ्यांनी मोटरसायकल आवळली, बूड उचललं, आणि दोन्ही हात बाहेर काढून त्या पळत्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेला लावले. उघडे. पालथे नाही, उलथे नाही, सरळ समोर.

काचेला डोकं टेकून दगडाबाई बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर, काचेच्या पलीकडं, ते हात.

आत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण ब्रेकचे लाल दिवे लागले. गाडी घसरत, वाकडी होत, रस्त्याच्या कडेला ज्वारीत अर्धी शिरून थांबली.

“भाईर पडा,” कृष्णात मोटरसायकल तशीच टाकून धावला. “पोरीला घ्या, आधी पोरीला. लांब जावा, त्या झाडापातूर जावा. गाडी बंद कर, किल्ली काढ.”

त्यानं गॅसची कळ बंद केली. बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली. मग स्टेअरिंगखाली हात घातला आणि बोटांनीच ती तार धरून ओढली. तापलेली तार. चर्र असा आवाज झाला, त्याच्याच बोटांचा. तार रस्त्यावर पडली, पाण्यात विझल्यासारखी काळी झाली. डिकी उघडली तर रबराच्या नळीतून धूर येत होता आणि छताचं कापड तळहाताएवढं काळं पडून कडेनं लाल धरत होतं. तानाजीनं ओला रेनकोट तिथं दाबून धरला, दोन्ही मनगटांनी, धूर थांबेपर्यंत. गॅसची टाकी खाली, हातभर अंतरावर.

पाऊस तेवढा गाडीच्या टपावर वाजत होता.

साईराज झाडाकडून आला. पायात चप्पल नव्हती. रस्त्यावरची तार त्यानं उचलून बघितली. “ही काय हाय?”

“फ्यूजच्या जागी हुती.”

“कुणी घातली?”

“मी.”

“तुमी?” साईराजचा आवाज फुटला. “तुमाला ठावं हुतं मामा? माझी पोरगी हाय गाडीत.”

कृष्णात म्हणू शकला असता की डबी पूजेत होती. की तू घाई केलीस. की मी लागलं तरच चालव म्हटलं होतं. एवढा रस्ता येताना हे सगळं त्याच्या जिभेवर येऊन गेलेलं होतं.

“ठावं हुतं,” तो म्हणाला.

साईराजनं हात उगारला. खरंच उगारला. कृष्णात हलला नाही. पण पोरगी झाडाखाली रडायला लागली आणि तो हात तसाच खाली आला, मग साईराज वळून ज्वारीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. खांदे हलत होते त्याचे.

काम मात्र पुरं करायला लागणार होतं, अर्ध्या रस्त्यात गाडी सोडून कसं चालेल. कृष्णातनं बॅटरी जोडली, डबीतला नवा फ्यूज घातला. डिकी लावली. वायपरचं बटण दाबलं. टिक. फ्यूज गेला. कुणाला काही झालं नाही, फक्त फ्यूज गेला. आयुष्यभर ज्या आवाजावर तो कातावला, तो आवाज त्याला पहिल्यांदाच गोड लागला.

मग रबर मागं सारलं. वायपरची वायर वितळून लोंबत होती, ती दोन्हीकडून कापली, टोकांना टेप मारली. तिला खेटून ब्रेकच्या दिव्याची वायर. ती धड आहे का बघायचं होतं. उजव्या बोटांना फोड आलेले, लॅम्प धरता येईना.

“आण हिकडं,” तानाजी म्हणाला. त्यानं टेस्टलॅम्प दोन तळव्यांत दाबला आणि टोक वायरीवर नेलं. टोक घसरलं, परत नेलं. “ब्रेक दाबा,” तो म्हणाला, आणि साईराज ज्वारीतून येऊन स्टेअरिंगवर बसला, ब्रेक दाबला. झाकणाखाली बारीक पिवळा उजेड आला.

“लागला,” तानाजी म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या हातात तो लागला होता.

दगडाबाई डोक्यावर पिशवी धरून मागं येऊन उभी राहिली होती. बराच वेळ तिनं ते हात बघितले.

“जिलबी न्हवती व्हय रं ती,” ती म्हणाली.

“न्हवती मावशी.”

“म्या म्हणलं साईराजला, थांब, परसादाचं हात हाइत ते.” तिनं पदर पुढं ओढला. “जातो बाबा.”

“मागचं वायपर आता चालणार न्हाई,” कृष्णात साईराजला म्हणाला. “सावकाश जावा. तिकडं एखाद्या चांगल्या माणसाकडं दावा.”

साईराजनं त्याच्याकडं न बघता किल्ली फिरवली. स्वप्नालीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं, तिनंही बघितलं नाही. गाडी गेली. मागच्या काचेवर वायपर मधोमध उभा, आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं.

दोघं तासगावात आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर, आत समई. शालन पाटासमोर तशीच बसलेली. पाटावरचं बाकी सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त डबीची, पकडीची आणि लॅम्पची जागा रिकामी, तांदळात त्यांचे आकार उमटलेले. तिनं त्यावर काहीच ठेवलं नव्हतं.

“गाठली?”

“गाठली,” कृष्णात म्हणाला. “हाइत सगळी.”

तिनं त्याची बोटं बघितली, उठून तुपाची वाटी आणून त्याच्यापुढं सरकवली. मग डबी पुसली, पक्कड पुसली. लॅम्पवरचं कुंकू पावसानं धुऊन गेलं होतं. तो पदरानं कोरडा करून तिनं एकेक वस्तू आपापल्या आकारात ठेवली. कुंकवात बोट बुडवलं. डबीला लावलं, पकडीला लावलं, लॅम्पला लावलं.

“भावजी,” ती वर न बघता म्हणाली, “हात.”

तानाजी दारातच उभा होता, भिजलेल्या विजारीच्या खिशात हात घालून. “आगं वैनी, हे काय—”

ती बोट तसंच धरून बसली.

तो आत आला. खाली बसला. खिशातून हात काढले आणि पाटावर ठेवले, लॅम्पच्या शेजारी, जागा कमी होती म्हणून थोडे तिरपे. शालननं दोन्हीला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, झेंडूचं फूल ठेवलं. त्या गुळगुळीत कातडीवर फूल ठरेना, घसरायला लागलं. तिनं ते परत ठेवलं.

मग तानाजी हलला नाही.